पहिला भोपळा

आकाशला कंपनीनं ब्रेक दिला तेव्हा दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. कंत्राटावरच्या पोरांना सात महिने भरले की ब्रेक देतात आणि महिना-दोन महिन्यांनी परत बोलावतात. या खेपेला बोलावणं आलंच नाही. माझी सून रूपाली दोन घरची धुणीभांडी करायची, त्यावर पीठ-मीठ-तेल भागायचं. भाजीवाल्याची गाडी गल्लीत आली की आम्ही दोघी घरात काहीतरी काम काढायचो.

मिसारवाडीत आमचं घर पत्र्याचं आहे, पण मागं दोन खाटा मावतील एवढी जागा मोकळी आहे. तिथं मी भाजी लावायचं ठरवलं. रंगाचे रिकामे डबे, फुटका टब, सिमेंटची पोती, जे मिळालं ते गोळा केलं. आकाश कुठून तरी काळी माती घेऊन आला, पण हसायचा राहिला नाही.

"आई, नळ नऊ दिवसांनी येतो आन् तू मळा लावती?"

"तुझ्या आंघोळीचं पाणी लावीन. तू कुठं रोज करतो म्हणा."

पण आंघोळीच्या पाण्यावर मळा होत नाही. तो झाला अनवरीमुळं. अनवरी माझी शेजारीण. तिचा नवरा गवंडी होता, त्यानं जिवंत असताना अंगणात जमिनीखाली हौद बांधून ठेवला होता. गल्लीत हौद तेवढा तिच्याकडं. दर चार दिवसांनी टँकर येऊन तो भरायचा, आणि गल्लीतल्या बाया प्यायचं पाणी तिथून न्यायच्या. तिनं मला सांगितलं, रोज दोन बादल्या ने, मला भाजी देत जा. आम्ही पंचवीस वर्षांच्या शेजारणी. तिच्या तौफिकचं लग्न ठरलं तेव्हा मुलगी बघायला लासूर स्टेशनला मीही गेले होते. तीच सून, महेजबीन, पुढं उन्हाळा लागताच पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली.

टँकर चालवायचा वहाब. पन्नाशीचा, दाढी मेंदीनं लाल केलेला माणूस. हौद भरला की पाइपात राहिलेलं पाणी तो रस्त्यावर सोडायचा नाही, माझ्या टबात रिकामं करायचा. "मावशी, लौकर आणा, तुमच्या पालकाला प्यास लागली," असं म्हणायचा.

संक्रांतीपर्यंत आम्ही भाजी विकत घेणं बंद केलं होतं. पालक, चुका, शेपू, मिरची, चार झाडं वांगी. गल्लीतल्या बाया बघायला यायच्या. मी त्यांना सांगायचे, औषध नाही, खत नाही, आपल्या हातचं बिनविषारी. हे वाक्य मी किती जणींना सांगितलं असेल त्याला मोजमाप नाही.

माघात मी भावाकडं गेले. सांडू बिडकीनच्या अलीकडं राहतो. त्याच्या घरात आढ्याला एक तुंबा टांगलेला होता. तुंबा म्हणजे वाळवलेला गोल भोपळा, पोरं विहिरीत पोहायला शिकताना पाठीला बांधतात तो. विहीर कधीच बुजली, तुंबा राहिला. मी तो हलवला तर आत बी खुळखुळलं.

"सांडू, हे बी नेते मी."

"अक्का, ते तुंब्याचं हाय."

"भोपळाच हाय न?"

"हाय. लावून बघ. कडू निघाला तर बांध पाठीला आन् पोहायला शिक."

आम्ही दोघं हसलो. तुंब्याची जात कडू असते हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. पण बी फुकट होतं, आणि मी मनाला सांगितलं की इतकी वर्षं आढ्याला राहिलेलं बी, उगवतंय कुठं. आठ बियांतल्या पाच उगवल्या. त्यातला एक वेल मी ठेवला. त्यानं भिंत धरली, पत्र्यावर गेला, पांढरी फुलं धरली. मे महिन्यात त्याला दोन भोपळे बरोबरीनं तयार झाले. गोल, पोपटी, अंगावर लव असलेले. गल्लीत सगळ्यांना मी ते हात धरून नेऊन दाखवले होते.

वेलाचं पहिलं फळ घरात खायचं नाही, ज्याच्या पाण्यावर वेल वाढला त्याच्या घरी द्यायचं, ही रीत मी आईकडून घेतली. माझ्या आईला गावच्या विहिरीवर जाता येत नव्हतं. वरून कुणी ओंजळीत, घागरीत ओतील ते पाणी. पाणी ओतणाऱ्याच्या ओट्यावर ती पहिलं फळ लांबूनच ठेवून यायची. मी मात्र अनवरीच्या घरात जाऊन तिच्या हातात देणार होते. त्या सकाळी मला त्याचा फार आनंद होता, हे लिहायला पाहिजे.

भोपळा चिरायच्या आधी टोकाची चकती काढून जिभेला लावून बघतात. पण द्यायचं फळ कापून कसं द्यायचं? मी अख्खं दिलं.

"अनवरी, घे. पहिलं हाय."

"अगं अल्ला, कद्दू!" तिनं तो लेकरासारखा दोन्ही हातांत धरला. "हमारे नबींना कद्दू लई पसंद होता, ठाऊक हाय का तुला? आज चण्याची डाळ टाकून करते. तौफिक ड्युटीवर गेला. एकलीच खाईन आरामात."

"वेल तुझ्या पाण्याचा हाय."

"मग उद्यापासून बेलीत हिस्सा लाव माझा."

मी हसत घरी आले. रूपालीनं दुसरा भोपळा विळीवर घेतला होता. मी म्हटलं, थांब, आधी बघू दे. टोकाची चकती काढली आणि जिभेला लावली.

असा कडूपणा मी त्याआधी चाखला नव्हता. कडुलिंब कडू असतो पण तो जिभेवर राहतो. हा थेट घशात उतरला आणि तिथं चिकटून बसला. मी मोरीत जाऊन तीनदा थुंकले.

"काय झालं, आत्या?"

"काय नाय. जून हाय. बी पडलं. फेकून देते."

हे माझं पहिलं खोटं. रूपालीला कामावर जायचं होतं, तिनं जास्त विचारलं नाही.

मी मागच्या भिंतीपाशी गेले. भिंत माझ्या खांद्याएवढी, पलीकडं अनवरीचा ओटा, त्याच्या पुढं तिच्या स्वयंपाकघराची खिडकी. तिच्या विळीचा आवाज येत होता. हाक मारली असती तर तिथूनच ऐकू गेली असती. मी हाक मारायला तोंड उघडलं होतं. मग वाटलं, एक फळ कडू निघालं म्हणून दुसरं निघेलच असं काय? तीही चाखून बघेल. कडू लागलं तर फेकून देईल, शहाणी बाई आहे. मग वाटलं, ती विचारील, बी कुठलं? तुंब्याचं म्हणून सांगितलं की ती गल्लीत सांगणार. बिनविषारी म्हणून मिरवणारी मुक्ताबाई. आणि दोन बादल्या?

मी वांग्याची पिवळी पानं खुडत राहिले. कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी झाली. दुसऱ्या शिट्टीनंतर मी घरात आले आणि धान्य निवडायला बसले. निवडण्यासारखं त्यात काही नव्हतं.

दीड-दोनच्या सुमाराला तिच्या घरातून भांडं पडल्याचा आवाज आला. मी पळत गेले. अनवरी मोरीपाशी आडवी पडली होती. उलटीत रक्त होतं. हातपाय गार लागत होते. मी आकाशला हाक मारली, त्यानं रिक्षा आणली, आम्ही तिला घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. सगळा रस्ता तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. एका चौकात रिक्षा अडकली, उन्हात गाड्यांची रांग लागली होती. तेव्हा तिनं डोळे उघडून मला विचारलं, "मुक्ता, गॅस बंद केला का?" मी हो म्हटलं.

आम्ही दवाखान्यात पोचलो तोवर आकाशच्या फोनवरून तौफिकही तिथं आला होता. डॉक्टर तरुण होता, त्यानं भराभरा सलाईन लावलं आणि विचारलं, "काहीतरी विषारी पोटात गेलंय असं दिसतंय. काय खाल्लं, काय प्यायलं?"

तौफिक म्हणाला, "मी ड्युटीवर होतो साहेब. घरचंच, रोटी-सालन खाल्लं असेल. अम्मी बाहेरचं खात नाही."

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. अनवरीचा हात माझ्या हातात होता. मी सांगणार होते. भोपळा हा शब्द माझ्या जिभेवर आला होता.

"आज सकाळी टँकरचं पाणी आलंय, डॉक्टर," मी म्हणाले. "तेच भरलंय हौदात."

खोटं त्यात एक अक्षरही नव्हतं. टँकर सकाळी आला होताच. डॉक्टरनं कागदावर काहीतरी लिहिलं. भोपळ्याचं सांगितलं असतं तर त्यांनी वेगळं औषध दिलं असतं का, मला आजही माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

अनवरी वाचली. पाच दिवस ती घाटीत होती. पहिल्याच संध्याकाळी मी घरी येऊन वेल मुळापासून उपटला, आणखी चार कोवळी फळं होती ती चिरून खड्ड्यात पुरली. तिच्या घराची चावी तौफिकनं माझ्याकडं दिली होती. कुकरात उरलेली भाजी मी गटारीत ओतली आणि कुकर दोनदा राखेनं घासला.

माझं एक वाक्य मात्र गल्लीत फिरत राहिलं. टँकरचं पाणी. कुणी म्हणालं वहाब बंद पडलेल्या खाणीतलं पाणी भरतो. कुणी म्हणालं टँकरमधून आधी रसायन नेत होते. कोपऱ्यावरची सुलेखा तेवढी म्हणाली, "पाणी तर आपण सगळ्यांनीच तिच्या हौदातलं नेलं होतं गं त्या दिवशी. आपल्याला तर ढेकरसुद्धा नाय आली." मी तिच्याकडं बघितलं नाही. दुसरी एक जण म्हणाली, अनवरीचं वय झालं, तिला बाधलं. सगळ्यांना ते पटलं.

वहाब पुढच्या फेरीला आला तेव्हा तौफिकनं टँकरच्या दारावर लाथ मारली. "मेरी माँ मरते मरते बची. कहाँ से भरता रे पानी?"

वहाब खाली उतरला. "तौफिक बेटा, मैं खुद वही पानी पीता. माझ्या घरात तेच हाय."

"चल, निकल इथनं."

वहाबनं इकडंतिकडं बघितलं. मी दारात होते. पाइप न सोडता तो टँकर घेऊन गेला.

मग तौफिकनं टँकरच्या मालकाला द्यायला अर्ज लिहून आणला. घरोघर सह्या घेत फिरला. मी वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी विहारातल्या वर्गात अक्षरं शिकले. तोवर अंगठा. सही करायची वेळ आली की मला आजही जरा ताठ व्हायला होतं. तौफिकनं कागद पुढं केला. मी तो वाचला. सगळा वाचला. 'वाहनचालक वहाब यांनी आणलेल्या दूषित पाण्यामुळे' असं त्यात होतं, दूषित या शब्दापाशी मी जरा अडखळले, मग तोही लागला. अंगठा असता तर म्हणता आलं असतं, मला काय ठाऊक कागदावर काय होतं. मी खाली लिहिलं, मुक्ताबाई नरवडे. रेघ सरळ आली होती.

सह्या झाल्यावर चौथ्या दिवशी कळलं की मालकानं वहाबला गाडीवरून उतरवलं. मालकाला दुसरा माणूस लगेच मिळाला नाही, तर गल्लीत टँकरच येईना. बाया डोक्यावर हंडे घेऊन दोन-दोन गल्ल्या हिंडू लागल्या. माझा पालक वाळला. तो वाळताना बघून मला थोडं बरं वाटायचं.

अनवरी घरी आली होती. मी तिला ज्वारीची पातळ आंबील नेऊन द्यायचे. ती भिंतीकडं बघून म्हणाली, "बेल कुठं गेली गं?"

"कीड लागली."

"हाय रे! लई कडू होता गं तो कद्दू, पण म्हटलं फेकायचा नक्को. माझ्याच तोंडाला पित्त असेल. पहिला दिलेला, तोही कद्दू. खाल्ला बिस्मिल्ला म्हणून." तिनं माझा हात धरला. "तू होती म्हणून वाचले."

मी हात सोडवून घेतला आणि आंबिलीचं भांडं घासायला उठले.

त्यानंतर आठवड्यानं, सकाळी, वहाब पायी चालत गल्लीत आला. दाढीची मेंदी उतरून मुळं पांढरी दिसत होती. हातात एक कागद होता. तो ज्या विहिरीवर टँकर भरायचा तिथलं, आणि गाडी सोडताना टँकरच्या तळाचं पाणी त्यानं बाटलीत घेऊन सरकारी प्रयोगशाळेत दिलं होतं. तो तौफिकच्या दारात उभा राहिला. बाया जमल्या. अनवरी खाटेवर बसली होती.

"रिपोर्ट आणलाय," वहाब म्हणाला. "तुम्हीच वाचा."

तौफिक म्हणाला, "कागद काय, पैसे फेकले की कुठलाबी मिळतो."

"मग मावशीला वाचू द्या. मला मराठी वाचता येत नाय. मावशी पढी-लिखी हाय, आन् मावशी खोटं बोलणार नाय." त्यानं कागद माझ्यापुढं धरला.

मी वाचला. वरती आकडे होते, ते मला कळले नाहीत. खाली लिहिलं होतं, 'पाणी पिण्यास योग्य'. मी ते मोठ्यानं वाचलं.

"हे आजचं पाणी झालं," तौफिक म्हणाला. "त्या दिवशीच्या पाण्याचं काय?"

बाया मान हलवू लागल्या. खरंच, त्या दिवशीच्या पाण्याचं काय?  वहाब माझ्या हातातला कागद परत घ्यायला पुढं आला.  आता हा जाणार आणि परत येणार नाही, हे मला दिसलं.

"पाणी चांगलं होतं," मी म्हणाले.

"मौसी, तुम्हाला काय माहीत?" तौफिकनं विचारलं.

"भोपळा कडू होता. मी दिलेला. तुंब्याच्या बियाचा. मला माहीत होतं."

 मग रूपाली माझ्या मागून हळूच म्हणाली, "आत्या, तुम्ही तर जून हाय म्हणाल्या होत्या."

तौफिक माझ्या अंगावर आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. तो नुसता त्याच्या आईकडं बघत राहिला. अनवरी खाटेवरून उठली, भिंतीला धरून माझ्यापुढं आली.

"कधी कळलं तुला?"

"तुला देऊन आले त्यानंतर."

"किती टायमानं?"

"तू चिरत होती तेव्हा."

"आवाज द्यायचा नं. खिडकी उघडी होती माझी."

"व्हय."

 आजारपणानं तिचा चेहरा एवढासा झाला होता. "उलटीचं जाऊ दे," ती म्हणाली. "माणसाकडून चूक होती. डॉक्टरनं विचारलं तेव्हा तू माझा हात धरून उभी होती, मुक्ता. मला शुद्ध होती. तू पाणी म्हणाली ते मी ऐकलं. मीच तौफिकला म्हटलं, मुक्ता बोलते तर पाणीच असेल."

मी खाली वाकून तिचे पाय धरायला गेले. ती मागं सरकली. "ये नक्को करू," म्हणाली आणि घरात गेली.

त्याच दिवशी मी वहाबबरोबर टँकरच्या मालकाकडं गेले. वाटेत मला रस्ता ओलांडता येईना तेव्हा वहाबनं हात आडवा करून गाड्या थांबवल्या. मालकाला मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आजी, आता गाडीवर दुसरा माणूस आहे. त्याला कसा काढू? त्यानं काय केलंय?"  वहाबनं दीड महिना हमाली केली. जूनच्या शेवटी त्याला पडेगावकडच्या एका टँकरवर काम मिळालं. आमच्या गल्लीत नवा माणूस येतो. तो हौद भरतो आणि उरलेलं पाणी रस्त्यावर सोडून निघून जातो.

तौफिक माझ्याशी बोलतो, गरजेपुरतं. दोन बादल्या बंद झाल्या. मागायला मी गेले नाही आणि द्यायला कुणी आलं नाही. पाऊस पडू लागला तसं डब्यांतलं पुन्हा हिरवं झालं. आकाशला एका गोदामात काम मिळालं, तरी मी भाजी लावायची सोडली नाही, कारण नोकरी किती महिन्यांची ते कुणाला ठाऊक. गल्लीतल्या बाया हळूहळू पुन्हा येऊ लागल्या.  पालक मागतात, नेतात.

श्रावणात महेजबीन बाळाला घेऊन लासूरहून परत आली. मुलगी झाली. बाळाचा आवाज भिंतीवरून दिवसभर येतो. बाळंतिणीला शेपूची भाजी देतात, अंगावर दूध येतं म्हणून. माझ्या टबात तेव्हा शेपू गुडघ्याला लागेल एवढा झाला होता, गल्लीत वास सुटायचा. मी तीन दिवस रोज सकाळी एक जुडी खुडायचे, पाणी मारून फडक्यात गुंडाळायचे, आणि संध्याकाळी आमच्याच कढईत टाकायचे.

चौथ्या दिवशी भाजीवाल्याची गाडी आली. अनवरीनं ती बरोबर माझ्या दारापुढं थांबवली. मी उंबऱ्यात बसले होते. तिनं शेपूची जुडी उचलली, वास घेतला, एक काडी मोडून दातांखाली चावली.

"ताजी हाय न?"

"सकाळची हाय, खाला," भाजीवाला म्हणाला.

"दोन दे. रोज आणत जा, घरात बाळंतीण हाय."

तिनं जुड्या पदराखाली घेतल्या. जाताना तिची नजर माझ्यावरून गेली, कुठं न थांबता. मग तिच्या स्वयंपाकघराची खिडकी लागल्याचा आवाज आला. ती खिडकी आता दिवसासुद्धा लावलेली असते.